एका थेंबाची शिरगणती

(पहाट. बोटीच्या कडेवरून बाटली पाण्यात.)

बाटली खाली निघाली आहे, दोन्ही तोंडं उघडी ठेवून. ठरलेली खोली आली की दोरीवरून एक वजन सोडतात. ते जाऊन आदळलं की झाकणं खटकन मिटतात, आणि वर येतं ते नेमकं त्या खोलीचं पाणी.

बघा, नितळ आहे. पाण्याची तपासणी म्हटली की आपण एकच विचारतो, जंतू नाहीत ना? जणू नसलेलेच बरे.

(गाळणी, जवळून.)

ही काळी चकती म्हणजे गाळणी. तिची भोकं मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढी. पाणी आपणहून उतरत नाही, खालून पंपाने ओढावं लागतं. गाळण्याआधी त्यात रंग मिसळला आहे. तो पेशीतल्या डीएनएला चिकटतो आणि अतिनील प्रकाशात चमकतो. चकती काळी का, तर ती चमक उठून दिसावी म्हणून.

काळ्या गाळणीची ही रीत 1977 साली प्रसिद्ध झाली. त्याआधी बहुतेकदा ताटलीत खाद्य घालून त्यावर जेवढे जिवाणू वाढतील तेवढेच मोजत. समुद्रातले बहुतेक जिवाणू त्या ताटलीत वाढतच नाहीत. पंगतीला बसले तेवढेच गावचे, असा तो हिशेब!

(अंधार. सूक्ष्मदर्शकाखाली निळे ठिपके.)

आता मोजा.

एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा लाख जिवाणू. थेंबाला पन्नासेक हजार. विषाणू त्यांच्या सुमारे दहापट, पण ते इतके बारीक, की या भिंगातून दिसत नाहीत.

(दुसरी काच. लाल ठिपके.)

या काचेवर रंग घातलेला नाही. ही लाली हरितद्रव्याची स्वतःची. यातला सर्वांत बारका प्रोक्लोरोकॉकस, प्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या ज्ञात जिवांमध्ये सगळ्यांत लहान. सॅली चिशोम, रॉबर्ट ओल्सन आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये तो जगापुढे आणला. पेशींना एकेक करून लेझरसमोरून नेणाऱ्या यंत्रात त्याची लाली इतकी फिकी दिसे, की आधी ती यंत्राचीच खरखर वाटली.

पृथ्वीवरचं जवळजवळ निम्मं प्रकाशसंश्लेषण समुद्रात होतं, आणि त्यातलं बहुतेक अशा तरंगत्या सूक्ष्मजीवांकडून.

(शेपटीवाला एकपेशीय जीव, ठिपके गिळताना.)

हा बघा, जेवतोय. शैवालांच्या पेशींतून पाण्यात झिरपलेलं अन्न माशाला टिपता येत नाही, जिवाणूंना येतं. जिवाणूंना हा खातो, याला त्याहून मोठा, आणि असं करत सांडलेलं अन्न पुन्हा वर चढतं. मध्येच विषाणू रोज कितीतरी जिवाणू फोडतात आणि ते अन्न परत पाण्यात सांडतं.

(तळं. काठाला हिरवी साय.)

गोड्या पाण्यातही हाच कारभार. ही साय मायक्रोसिस्टिस नावाच्या, प्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूंची आहे. पेशींत हवेच्या नळकांड्या असतात, म्हणून ती वर तरंगते आणि ऊन आधी तिला मिळतं. शेतातलं खत वाहून आलं की ती फोफावते. 2014 च्या ऑगस्टमध्ये तिच्या विषामुळे अमेरिकेत टोलेडो शहराला नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं.

साय मरते, तळाशी बसते, आणि ती कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात.

(पहाट. तळ्याच्या पृष्ठभागावर माशांची उघडी तोंडं. इथून शेवटपर्यंत निवेदन नाही, फक्त पाण्याचा आवाज.)