रिकाम्या बंदुकीचा बार

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलेजात असताना मी एनसीसीत होतो. फायरिंगच्या दिवशी पंचवीस मीटरवर टार्गेट लावलेलं असायचं. पोटावर झोपायचं, हातात पॉइंट टू टूची रायफल आणि प्रत्येकाला मोजून पाच गोळ्या. पाचही झाडून झाल्या की उस्ताद ओरडायचे, ‘खाली कर!’, म्हणजे रिकामी कर. आम्ही बोल्ट मागे ओढून तसेच पडून राहायचो आणि उस्ताद एकेका रायफलीपाशी वाकून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या घराच्या तोंडाशी करंगळीचं टोक लावून बघायचे. एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, ‘उस्ताद, पाच मिले थे, पाचों मारे.’ त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. करंगळी लावलीच.

त्या करंगळीची आठवण मला अमेरिकेतल्या एका दिवसाबद्दल वाचताना झाली. शनिवार, १९ जानेवारी २०१३. महिन्याभरापूर्वीच कनेटिकटमधल्या एका प्राथमिक शाळेत गोळीबार झाला होता. वीस मुलं आणि सहा मोठी माणसं गेली होती. बंदुकांवर निर्बंध हवेत की नकोत यावरून देशभर रान पेटलं होतं. त्यावर उत्तर म्हणून बंदूकप्रेमींनी हा दिवस ‘गन ॲप्रिसिएशन डे’, म्हणजे बंदुकीचं कौतुक करण्याचा दिवस म्हणून जाहीर केला. आणि नेमक्या त्याच दिवशी तीन राज्यांतल्या तीन गन शोमध्ये नको तेव्हा बार उडाले, पाच माणसं जखमी झाली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही.

गन शो म्हणजे काय, ते आधी सांगतो. आपल्याकडे कृषी प्रदर्शन भरतं ना, डोळ्यांसमोर तेच आणा. मोठं मैदान, मोठे हॉल, ओळीने मांडलेली टेबलं, तिकीट काढून आत शिरलेली बायकामुलं. फक्त टेबलांवर पंप आणि बियाण्यांच्या जागी रायफली, पिस्तुलं, सुरे आणि काडतुसांची खोकी. दुकानदार तर असतातच, पण घरातली जुनी बंदूक विकायला साधा माणूसही ती काखोटीला मारून येतो. म्हणून दारावर एक टेबल असतं. तिथे बंदूक उघडून दाखवायची, रिकामी आहे अशी खात्री पटवायची, मग बहुतेक ठिकाणी तिच्यातून प्लॅस्टिकचा केबल टाय ओवतात आणि आत सोडतात. भरलेली बंदूक आत न्यायची नाही, हा नियम जवळपास सगळीकडे.

आता त्या शनिवारी काय झालं बघा. नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली नावाच्या शहरात एक गृहस्थ बारा बोअरची शॉटगन विकायला घेऊन आले. तपासणीच्या टेबलावर तिच्या पिशवीची चेन उघडत असतानाच बार उडाला. छर्रे तिघांना लागले. त्यातला एक निवृत्त पोलीस अधिकारी होता. ओहायोत मेदिना गावी एका विक्रेत्याने तिथेच विकत घेतलेलं पिस्तूल हातात घेऊन बघायला सुरुवात केली. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढलेलं होतं. चाप ओढला गेला आणि गोळी त्याच्याच मित्राच्या हाता-पायाला लागली. इंडियानापोलिसमध्ये एक जण प्रदर्शन बघून बाहेर पडला, आपलं पॉइंट फॉर्टी फाइव्हचं पिस्तूल पुन्हा भरायला लागला आणि स्वतःच्याच हातावर गोळी झाडून बसला.

तिन्ही जागा पुन्हा आठवा. एक तपासणीचं टेबल, एक नुकताच झालेला सौदा, एक परतीची वाट. बंदूक भरलेलीची रिकामी किंवा रिकामीची भरलेली होण्याच्या, किंवा एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याच्या वेळा. नियम सुरक्षेचाच, पण त्याच्यामुळे शेकडो माणसं दारातच बंदुकांशी खुडबूड करत उभी राहतात. नियम काढून टाका असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक तपासणी म्हणजे आणखी एकदा हात लावणं, हे ती तपासणी आखणाऱ्याने धरून चालायला हवं.

मेदिनातल्या त्या पिस्तुलापाशी जरा थांबू. मॅगझिन काढलं होतं, मग गोळी आली कुठून? पिस्तुलाचं मॅगझिन मुठीत बसतं. वरची स्लाइड मागे खेचून सोडली की ती मॅगझिनमधलं वरचं काडतूस पुढे ढकलून चेंबरमध्ये बसवते. एकदा तिथे बसलं की त्याचा मॅगझिनशी काही संबंध उरत नाही. म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड खेचून चेंबरमधलं काडतूस बाहेर पाडायचं आणि मग आत डोकवायचं. हाच क्रम उलटा झाला तर फार वाईट फसगत होते. आधी स्लाइड खेचली, एक काडतूस टुणकन उडून टेबलावर पडलं. ते डोळ्यांनी बघितलं, कानांनी ऐकलं. पण स्लाइड पुढे जाताना तिने मॅगझिनमधलं दुसरं काडतूस आत नेऊन बसवलं. मग आपण निश्चिंतपणे मॅगझिन काढतो. आता हा माणूस शपथेवर सांगेल की पिस्तूल रिकामं आहे, आणि तो खोटंही बोलत नसेल.

त्यात बनावटीचा घोळ आहेच. ब्राउनिंग हाय-पॉवरसारख्या पिस्तुलात मॅगझिन काढलं की चाप चालतच नाही. दुसऱ्या कित्येक पिस्तुलांत चालतो. ग्लॉक तर साफसफाईसाठी खोलायचं असेल तर चाप ओढावाच लागतो. एकाची सवय झालेला हात दुसऱ्यावर गेला की संपलं.

अशा घटनेच्या बातमीत आपल्याकडे हटकून ‘मिसफायर’ असा शब्द येतो. बंदुका हाताळणाऱ्यांना तो शब्द टोचतो, कारण मिसफायर म्हणजे चाप ओढूनही न उडालेला बार. ही गोष्ट बरोबर उलटी. आणि ‘बंदुकीतून गोळी सुटली’ म्हटलं की बंदुकीनेच आगळीक केल्यासारखं वाटतं. तसं कधी कधी होतंही. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये, समजा १८७३ सालच्या कोल्टमध्ये, घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा भाग, थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेला असे. खाली पडून दणका बसला की बार. म्हणून जाणती माणसं सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसं भरत आणि घोड्याखालचं घर मोकळं ठेवत. पुढे मधे आडपट्टी बसवणाऱ्या रचना आल्या आणि तो धोका बराच कमी झाला. आजच्या चांगल्या स्थितीतल्या बंदुकीत मात्र बहुतेक वेळा चापावर बोट गेलेलं असतं, किंवा पिशवीतलं काहीतरी चापात अडकलेलं असतं.

जेफ कूपर नावाचे अमेरिकन मरीन अधिकारी होते. त्यांनी १९७६ साली ॲरिझोनात नेमबाजीची शाळा काढली. तिथे चार नियम पक्के करून घेत. पहिला, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे. दुसरा, जे उडवायचं नाही त्याच्याकडे नळीचं तोंड न्यायचं नाही. तिसरा, नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर. चौथा, समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री. रेंजवर हे चारही पाळता येतात, तिथे माणसं सगळी मागे असतात. पण खच्चून भरलेल्या हॉलमध्ये दुसरा नियम पाळायचा कसा? समोर माणसं, मागे माणसं, खाली सिमेंटची फरशी, तिच्यावरून गोळी उसळू शकते. लास व्हेगासला बंदूक उद्योगाचं ‘शॉट शो’ नावाचं मोठं प्रदर्शन भरतं. ते फक्त व्यवसायातल्या लोकांसाठी असतं. तिथे मांडलेल्या बंदुकांमधली काडतुसावर आपटणारी पिन आधीच काढून ठेवतात किंवा निकामी करतात. मग कुणी चाप ओढला तरी काय होणार? मला हा उपाय मनापासून पटतो, कारण तो कुणाच्या सवयीवर विसंबत नाही. पण साध्या गन शोमध्ये हजार घरची हजार हत्यारं येतात, तिथे तो कसा जमणार?

आपल्याकडे असे गन शो भरत नाहीत. पण कोकणात रानडुकरांपासून शेती राखायला परवान्याच्या बंदुका आहेत, त्यातल्या कित्येक ठासणीच्या. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायला निघतात. ठासणीच्या बंदुकीला उघडून बघायला चेंबरच नसतो. दारू आणि छर्रे तोंडातून ठासलेले. केप, म्हणजे बार पेटवणारी टोपी, काढली की झालं असं वाटतं, पण आत माल तसाच असतो. जाणकार नळीत गज घालून बघतात. रिकाम्या नळीत गज कुठवर जातो त्याची खूण आधीच केलेली असते. ती खूण बाहेर राहिली की समजायचं, आत काहीतरी आहे.

नेमबाजीच्या स्पर्धांत तर याहून सोपी युक्ती आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आपण सगळे टीव्हीला चिकटून होतो. त्या स्पर्धांत बार चालू नसतो तेव्हा प्रत्येक बंदुकीच्या चेंबरमध्ये भडक रंगाची खूण घालून ठेवावी लागते, सेफ्टी फ्लॅग म्हणतात तिला. ती आत असली की काडतूस आत मावतच नाही, आणि पंचाला चार हातांवरूनही दिसते. पुढच्या वेळी बघाल तेव्हा नेमबाज रायफल खाली ठेवताना लक्ष ठेवा. बाजूने एक नारिंगी शेपूट लोंबताना दिसेल.

नमस्कार.