लिएन ओढ्यावरचा पूल

मित्रहो, युद्धाच्या इतिहासात रणगाड्यांना आणि सेनापतींना भरपूर पाने मिळतात. आज मी रस्ते दुरुस्त करणाऱ्या माणसांबद्दल बोलणार आहे. अमेरिकी सैन्याची २९१वी कॉम्बॅट इंजिनिअर बटालियन. सुमारे साडेसहाशे माणसे. प्रमुख डेव्हिड परग्रिन, वय अवघे २७, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्ससारखेच त्यांचे काम: पूल बांधायचे, सुरुंग काढायचे आणि वेळ आली की बंदूक उचलायची.

डिसेंबर १९४४मध्ये ही बटालियन बेल्जियमच्या आर्देन भागात रस्ते सांभाळत होती, लाकूड कापायच्या गिरण्या चालवत होती. १६ तारखेला जर्मन हल्ला सुरू झाला. योआखिम पायपरच्या, हिटलरच्या एसएस दलातल्या रणगाडा तुकडीला म्यूझ नदी गाठायची होती, तीही झटपट, कारण इंधन तोकडे होते. १७ला दुपारी मालमेदीजवळच्या चौकात या तुकडीच्या लोकांनी शरण आलेल्या ८४ अमेरिकी सैनिकांना ठार मारले. त्यातून निसटलेले काही जण परग्रिनना भेटले आणि ही बातमी त्यांनी वर कळवली. इतर तुकड्या मालमेदी सोडून निघाल्या होत्या. परग्रिन थांबले. हा निर्णय मला फार मोठा वाटतो, कारण त्यांच्याकडे रणगाडे अडवण्याजोगे जवळजवळ काहीच नव्हते.

पण त्यांना भूगोल कळत होता. तिथल्या नद्या लहान, पण काठ उभे आणि रस्ते दरीतून जाणारे. पँथर रणगाडा सुमारे ४५ टनांचा. त्याला पेलणारा पूल नसेल, तर ओढासुद्धा पुरतो. १८ तारखेला त्र्वा-पों गावात ५१व्या इंजिनिअर बटालियनने पायपर येताच आंब्लेव्ह नदीवरचा पूल उडवला. मग पायपर उत्तरेकडून वळसा घालून लिएन ओढ्यावर, हाबिएमोंजवळ आला. तिथे २९१व्या बटालियनच्या मोजक्या माणसांनी स्फोटके लावून ठेवली होती. संध्याकाळ होत आली होती. रणगाडे समोर दिसले, गोळीबार सुरू झाला आणि पूल उडाला. काही हलक्या गाड्या जवळच्या लहान पुलांवरून पलीकडे गेल्या, पण रणगाडे जाऊ शकले नाहीत. पायपर मागे फिरला. २४ तारखेच्या पहाटे ला ग्लेझ गावात गाड्या टाकून तो सुमारे ८०० माणसांसह पायी निसटला.

पूल उडवण्याची खरी कसोटी वेळेची असते. घाई केली तर आपलीच माणसे पलीकडे अडकतात, उशीर केला तर पूल शत्रूच्या हाती जातो. ७ मार्च १९४५ला ऱ्हाइन नदीवर रेमागेनला जर्मनांवर हीच पाळी आली. लुडेनडॉर्फ रेल्वे पुलाखाली स्फोट झाला, पण पूल पडला नाही, आणि अमेरिकनांनी तो ताब्यात घेतला.

तिथेच ही २९१वी बटालियन पुन्हा दिसते. जर्मन तोफा आणि विमाने मारा करत असताना त्यांनी हवा भरलेल्या रबरी तराफ्यांवर पोलादी पट्ट्या टाकून १,०३२ फुटांचा तरंगता पूल उभारला, सुमारे ३२ तासांत. खिळखिळा झालेला लुडेनडॉर्फ पूल १७ मार्चला कोसळला. त्यावर दुरुस्ती करत असलेले अनेक इंजिनिअर सैनिक त्यात मृत्युमुखी पडले. सैन्य मात्र ऱ्हाइन ओलांडत राहिले, कारण तोवर तरंगते पूल तयार होते.