हरलात तरी किट आवरू नका

(महाविद्यालयीन सॉफ्टबॉल शिबिराच्या उद्घाटनाच्या वेळी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आणि सरावातून तशाच धुळीच्या पायांनी येऊन बसलेल्या मुलींनो,

आज अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठाच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाबद्दल बोलायचं ठरवून आलोय. त्यांचा २०२३ चा हंगाम. ६२ सामने खेळले, ६१ जिंकले. त्यात सलग ५३. अ‍ॅरिझोना विद्यापीठाचा सलग ४७ विजयांचा विक्रम पंचवीसेक वर्षं कुणाला मोडता आला नव्हता, तो या मुलींनी मोडला आणि सलग तिसऱ्यांदा राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. प्रशिक्षक पॅटी गॅसो १९९५ पासून याच संघाबरोबर आहेत. हे सगळं मोठंच आहे. पण माझं मन अडकतं ते उरलेल्या एका सामन्यात.

१९ फेब्रुवारी, टेक्सासमधलं वेको. बेलर विद्यापीठाने त्यांना ४-३ असं हरवलं. हंगामातला हा नववा सामना, आधीचे आठ जिंकलेले. मग काय झालं? काहीच नाही. दहावा सामना होता, तो खेळल्या. त्यानंतर जूनपर्यंत एकदाही हरल्या नाहीत.

आता माझं सांगतो. मी कॉलेजला कॅचर होतो, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणारा. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी आम्ही परराज्यात गेलो. जनरलच्या डब्यात किटबॅगवर बसून रात्र काढली. शिनगार्ड नवे होते, पट्टे इतके कडक की गुडघ्यामागे सोलून निघालं. सकाळी आठला सामना सुरू झाला आणि दहाच्या आत आम्ही स्पर्धेबाहेर. एका धावेनं. सातव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला (डावाला) होमवर, जिथे धाव पूर्ण होते तिथे, आलेला थ्रो माझ्या ग्लोव्हच्या कडेला लागून सुटला. परतीचं रिझर्व्हेशन चौथ्या दिवसाचं होतं. ते तीन दिवस आम्ही प्रेक्षकांत बसून दुसऱ्यांचे सामने बघितले. तो थ्रो परत एकदा घेण्यासाठी मला पुढचं वर्ष उजाडावं लागलं. माझ्याबरोबरच्या दोघांना तेही मिळालं नाही, त्यांचं ते शेवटचं वर्ष होतं.

म्हणून त्यांच्या स्पर्धेची रचना नीट समजून घ्या. फेब्रुवारी ते मे नियमित सामने, पन्नासच्या आसपास. मग राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ, चार-चारचे गट. गटात एकदा हरलात तरी तुम्ही स्पर्धेतच असता. दुसऱ्यांदा हरलात की बाहेर. पुढच्या फेरीत तीनपैकी दोन सामने जिंकायचे. उरलेले आठ संघ ओक्लाहोमा सिटीला जमतात, तिथेही दोन हारींचाच नियम, आणि अंतिम फेरी पुन्हा तीन सामन्यांची.

याचा परिणाम खेळावर कसा होतो ते बघा. चेंडू टाकणारी पिचर आणि बॅटर यांच्यात अंतर ४३ फूट. चेंडू ताशी ११० किलोमीटरने आला तर बॅटरच्या हातात अर्धं सेकंदही नसतं. अशा पिचरला पहिल्यांदा बघून कुणी मारत नाही. तिचा हात, तिचा राइजबॉल (वर चढतोय असा वाटणारा चेंडू) डोळ्यांत बसावा लागतो. स्टॅनफर्डचा संघ २०२३ मध्ये पहिल्याच सामन्यात ओक्लाहोमाकडून २-० हरला. आपल्याकडे असता तर त्याच रात्रीची गाडी धरली असती. त्यांनी मागून अलाबामाला हरवलं, वॉशिंग्टनला हरवलं आणि उपांत्य फेरीत पुन्हा ओक्लाहोमासमोर उभे राहिले. या वेळी सामना नऊ इनिंग चालला. टियारे जेनिंग्जच्या फटक्यावर ओक्लाहोमाने तो ४-२ जिंकला, पण जीव मुठीत धरून!

त्याच हंगामातला क्लेमसन विद्यापीठाविरुद्धचा सामनाही तसाच. सातव्या इनिंगला ओक्लाहोमा ७-४ पिछाडीवर. कॅचर किन्झी हॅन्सनने तीन धावांचा होमरन (चेंडू थेट सीमेबाहेर) मारून बरोबरी साधली, नवव्या इनिंगला ८-७ असा जिंकला. कॅचर म्हणून मला त्या फटक्याचा अभिमान वाटतो, ओळख ना पाळख तरी. विक्रम पाठीवर असताना इतक्या मोकळ्या हाताने स्विंग होतो, कारण ती मुलगी त्या हंगामात कितीतरी वेळा प्लेटवर उभी राहिलेली असते. मुलींच्या हातात दम नाही असं आपल्याकडे म्हणतात, ते मला अजिबात मान्य नाही. सामने कमी पडतात.

पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, हाच संघ सात वेळा हरला. शेवटच्या टप्प्यात फ्लोरिडाने ९-३ असा धुतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फ्लोरिडाच समोर. आठव्या इनिंगला जेडा कोलमनने होमरन मारला, ६-५, आणि पुढे टेक्सासला हरवून सलग चौथं विजेतेपद. चार सलग कुणीच जिंकली नव्हती.

त्यांच्यासारखी स्टेडियमं आपल्याकडे नाहीत, ती मी मागतही नाही. पण वेळापत्रक कागदावर आखायला पैसे लागत नाहीत. चार कॉलेजं बाद पद्धतीने, म्हणजे एकदा हरलं की बाहेर, अशी खेळली तर सामने होतात तीन. दोन हारींची पद्धत घेतली तर सहा, क्वचित सात. तोच चुना, तेच मैदान, तेच अंपायर. हे मी आयोजकांपुढे मांडलं आणि त्यांनी ते यंदा मान्य केलं, त्यांचे मनापासून आभार.

तर रविवारी सकाळी साडेसातला पहिला सामना. जो संघ हरेल त्याने किट आवरू नये, पाणी पिऊन सावलीत बसावं. साडेदहाला त्यांचा दुसरा सामना आहे.