गुडघा माझ्या मापाचा मिळेल ना?

नमस्कार, श्रोतेहो.

गुडघेबदलाचं ऑपरेशन ठरलं की घरची माणसं मला दोन गोष्टी हमखास विचारतात. सांधा कुठल्या कंपनीचा, आणि खर्च किती? ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा तर जिकडेतिकडे तीच चर्चा. मध्यंतरी एका मावशींनी मात्र वेगळंच विचारलं. "डॉक्टर, माझी चण लहान. बांगड्यासुद्धा पोरींच्या मापाच्या लागतात. गुडघा माझ्या मापाचा मिळेल ना?"

इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला असेल.

कृत्रिम गुडघ्यांची मापं बरीच वर्षं मुख्यतः पाश्चात्त्य लोकांच्या हाडांवरून ठरत आली. आपली हाडं सरासरीने लहान, बायकांची त्याहून लहान. नुसतं लहान असतं, तर लहान नंबर घालून भागलं असतं. पण फरक घडणीतही आहे. मांडीच्या हाडाचं खालचं टोक पुढून मागे जेवढं असतं, त्या मानाने बायकांमध्ये ते आडवं अरुंद असतं. कृत्रिम गुडघ्यात या टोकावर धातूची टोपी बसवतात. पुढून मागे नीट बसणारी टोपी घ्यावी, तर ती कडेने बाहेर येते. रुंदीला बसणारी घ्यावी, तर मागचं हाड जास्त कापावं लागतं आणि पाय दुमडला की गुडघा सैल पडतो.

कडेने बाहेर आलेला धातू भोवतीच्या मऊ भागांना घासतो. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, टोपी ३ मिलिमीटर किंवा अधिक बाहेर असेल तर दोन वर्षांनीही गुडघा दुखत राहण्याची शक्यता जवळपास दुप्पट दिसली. तीन मिलिमीटर! एकावर एक ठेवलेली दोन नाणी जेमतेम तेवढी भरतील.

मावशींच्या ऑपरेशनला आधी माप पाहण्यापुरती ट्रायलची टोपी बसवली आणि कडेवरून बोट फिरवलं. बाहेरच्या बाजूला धातूची कड बोटाला लागली. ती काढून त्याच नंबरची अरुंद टोपी बसवली. पुन्हा बोट फिरवलं. हाडावरून धातूवर बोट अलगद सरकलं.

अरुंद टोपी हाताशी होती, कारण आदल्या दिवशी एक्स-रेवर माप काढून दोन्ही मागवून ठेवल्या होत्या. तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर तारीख घेण्याआधी डॉक्टरांना एवढं नक्की विचारा : एक्स-रेवर माप काढलंत का, आणि अरुंद टोपी मागवता येईल का?