रिमोट हरवला, शटरला सांगितलं का?

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडला, राजारामपुरीत मोटरचं शटर आता नवलाईचं राहिलं नाही. रिमोट हरवला की दुकानदार बाजारातून दुसरा करून आणतो आणि निर्धास्त होतो. पण हरवलेला रिमोट ज्याला सापडेल, त्यालाही शटर उघडतंच की! तो बाद करायचा तर रिसिव्हरची, म्हणजे रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या शटरजवळच्या पेटीची, मेमरीच पुसावी लागते.

त्यासाठी उरलेले सगळे रिमोट आधी गोळा करा. मेन स्विच बंद करून रिसिव्हरचं झाकण काढा, मग सप्लाय पुन्हा चालू करा. आत 230 व्होल्ट असतात, म्हणून ‘लर्न’ बटण बोटानं नको, प्लास्टिकच्या काडीनं दाबा. शटरखाली कुणी उभं राहू नये. बऱ्याच रिसिव्हरमध्ये हे बटण 8 ते 10 सेकंद दाबून धरलं की दिवा विझतो आणि झाडून सगळे रिमोट पुसले जातात. नंतर लर्न एकदा दाबायचं, दिवा लागला की लगेच रिमोटचं बटण दोनदा दाबायचं. दिवा लुकलुकला की तो रिमोट नोंदला गेला. प्रत्येक रिमोटला हेच. सेकंद आणि दाबण्याची संख्या कंपनीगणिक बदलते, तेव्हा सोबतचा कागद फेकू नका.

आता ‘कॉपी’ रिमोटबद्दल. जुना रिमोट उघडून पाहा. आत आठ बारीक खटके असतील आणि प्रत्येकाला तीन जागा असतील, तर एकूण कोड होतात अवघे 6,561. नव्याचे खटके तसेच लावले की काम झालं. खटके नसलेल्या साध्या लर्निंग रिमोटमध्ये दहा लाखांवर कोड असतात, पण दोन रिमोट समोरासमोर धरले की तोही कॉपी होतो. मात्र दोघांची फ्रिक्वेन्सी एकच हवी. 433 मेगाहर्ट्झचा 315 वाल्यावर चालणार नाही, कितीही दाबा. तिसरा प्रकार रोलिंग कोडचा. दर दाबण्याला त्याचा आकडा बदलतो, म्हणून तो साध्या कॉपीला दाद देत नाही; रिसिव्हरवरच नोंदवावा लागतो. गुजरीतल्या सराफानं याखेरीज दुसरा घेऊच नये. खिशात चुकून फार वेळा दाबला गेला तर या रिमोटचा आकडा रिसिव्हरच्या पुढे निघून जातो. अशा वेळी लागोपाठ दोनदा दाबून पाहा, बहुतेकदा जुळतो.

जवळून चालतो, रस्त्यावरून नाही, अशी तक्रार असेल तर आधी सेल बघा. 12 व्होल्टचा सेल मीटरवर 10 च्या खाली गेला की बदला. मग रिसिव्हरच्या ॲंटेनाची तार. 433 ला ती साधारण 17 सेंटीमीटर सरळ हवी. बसवणारे ती गुंडाळून पत्र्याच्या पेटीत कोंबतात, मग रेंज कुठून मिळणार? दुकानातले एलईडी दिवे बंद करूनही एकदा पाहा. त्यांना वीज पुरवणारे स्वस्त ड्रायव्हर रेडिओत खरखर करतात, तसाच रिमोटलाही त्रास देतात. आणि रिसिव्हरची पेटी जमिनीलगत बसवू नका. शाहूपुरीकरांना 2019 आणि 2021 चा पूर आठवत असेलच.

मोटरच्या गेटला नवा रिमोट नोंदवला की मध्ये खोकं धरून सेन्सर गेट थांबवतो का, ते तपासा.

अंगणातल्या गुंडाळत्या कापडी छपराच्या, म्हणजे ऑनिंगच्या, नळीत बसणाऱ्या मोटरची एक गंमत आहे. लिमिट, म्हणजे मोटरनं कुठे थांबायचं ती जागा, लावताना वरखाली करत राहिलं की सुमारे 4 मिनिटांत ती तापते आणि आतला थर्मल कटआउट तिला बंद करतो. मग लोक रिमोट पुन्हा पुन्हा प्रोग्राम करत बसतात. रिमोट ठीक असतो. मोटर निवू द्या, वीस-पंचवीस मिनिटं, आणि मग उरलेलं लिमिट लावा.