काम कसं असतं, हे कुणाला विचारायचं?

मंडळी, अपंगत्व ठरवायचं म्हटलं की डोळ्यांपुढे डॉक्टर येतात, एक्स-रे येतात, टक्केवारी येते. पण एखाद्याला काम जमेल की नाही हे ठरवायला शरीराची माहिती लागते, तशी कामाचीही लागते. ती कशी गोळा होते आणि शिळी झाली तर काय होतं, हे अमेरिकेच्या उदाहरणातून स्वच्छ दिसतं, म्हणून आज तेच घेतलं आहे.

तिथे 1956 च्या कायद्याने सोशल सिक्युरिटीतून, म्हणजे सरकारच्या सामाजिक सुरक्षा योजनेतून, अपंगत्वाची मासिक मदत सुरू झाली. अर्जाची तपासणी पाच पायऱ्यांची. पहिल्या तीन कमाईच्या आणि आजाराच्या. चौथीला विचारतात, पूर्वीचं काम पुन्हा जमेल का? पाचवीला, देशात दुसरं कुठलं जमेल का? पाठ गेलेल्या गवंड्याला सांगतात, विटा उचलणं तुमच्याच्याने होणार नाही हे मान्य. पण बसून करायचं काम? ते काम कुठलं आणि देशात अशा किती जागा आहेत, हे सुनावणीत व्होकेशनल एक्स्पर्ट, म्हणजे नोकऱ्यांचा जाणकार साक्षीदार, सांगतो.

त्याच्या हाताशी असतो कामगार खात्याचा व्यवसायकोश. पहिली आवृत्ती 1939 ची, चौथी 1977 ची, शेवटची सुधारणा 1991 ची. बारा हजारांहून जास्त व्यवसाय त्यात आहेत. त्यातली ‘अ‍ॅड्रेसर’ ही नोंद वाचा: पाकिटांवर, कार्डांवर हाताने किंवा टाइपरायटरने पत्ते लिहिणारा. कोश छापला तेव्हा ही नोंद खोटी नव्हती. पण टाइपरायटर अडगळीत गेल्यावरही, हे काम तुम्हाला जमेल, असं म्हणून माणसांचे अर्ज फेटाळले गेले. सोललेल्या कवचफळांतून खराब दाणे वेचून काढणारा ‘नट सॉर्टर’ही तसाच. मला याचा मनापासून राग येतो. त्या माणसाला पुढच्या महिन्याचं भाडं भरायचं असतं.

आकड्यांचीही तीच गत. बिएस्टेक नावाच्या अर्जदाराच्या खटल्यात एक्स्पर्टने सांगितलं, बेंच असेंब्लरच्या, म्हणजे टेबलाशी सुटे भाग जोडणाऱ्याच्या, 2,40,000 जागा आहेत आणि सॉर्टरच्या, म्हणजे माल निवडणाऱ्याच्या, 1,20,000. वकिलाने विचारलं, आकडे आणले कुठून? उत्तर मिळालं, सरकारच्या कामगार आकडेवारी विभागाकडून आणि माझ्या स्वतःच्या पाहणीतून, पण त्या पाहणीचे कागद गोपनीय आहेत. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 मतांनी ठरवलं की कागद दाखवले नाहीत एवढ्यावरून साक्ष निकामी होत नाही. कायद्याच्या चौकटीत ते बसतही असेल. पण ज्याचा अर्ज फेटाळला जातो, त्याने त्या आकड्याशी भांडायचं कसं?

कामगार खात्याने कोशाच्या जागी ओ-नेट हा व्यवसायांच्या माहितीचा ऑनलाइन संग्रह आणला, पण तो नोकरी शोधणाऱ्यांसाठी. वजन किती उचलावं लागतं, हात खांद्याच्या वर किती वेळ न्यावा लागतो, असला हिशेब त्यातून निघेना. शेवटी 2012 मध्ये सोशल सिक्युरिटीने कामगार आकडेवारी विभागाशी करार केला आणि त्यातून व्यवसाय-गरजांचं सर्वेक्षण उभं राहिलं.

या सर्वेक्षणातले प्रश्न बारकाईने बघण्यासारखे आहेत. विभागाची माणसं कंपन्यांकडून माहिती घेतात. खोकं जड आहे का, असं विचारून भागत नाही. किती पौंडांचं, आणि दिवसाच्या किती भागात उचलायचं? दोन टक्क्यांपर्यंत म्हणजे क्वचित, तिथून एक तृतीयांशापर्यंत अधूनमधून, दोन तृतीयांशापर्यंत वारंवार, त्यापुढे सतत. बैठ्या कामात जास्तीत जास्त दहा पौंड, म्हणजे साडेचार किलो. हलक्या कामात वीस.

आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न: बसायचं की उभं राहायचं, हे कामगाराला ठरवता येतं का? तुम्ही गेला तासभर या खुर्च्यांवर बसला आहात. तिकडे दोघेजण मागे जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले, कुणी काही म्हणालं नाही. पॅकिंगच्या पट्ट्यावर बसलेल्या बाईला असं उठता येतं का? मणक्याच्या दुखण्यात नोकरी टिकणं न टिकणं एवढ्यावर असतं, आणि जुन्या कोशात याचा पत्ताच नव्हता.

जून 2024 मध्ये सोशल सिक्युरिटीने 114 व्यवसाय बाजूला काढले, त्यांच्या आधारावर आता अर्ज फेटाळायचा नाही. ‘पूर्वीचं काम’ म्हणजे मागच्या पंधरा वर्षांतलं, हा नियमही पाच वर्षांवर आला. बरंच झालं. पंधरा वर्षांपूर्वी आपण नेमके किती किलो उचलत होतो, हे कुणाला आठवतं? मात्र निकाल देताना मूळ कोश वापरणं थांबलं नाही.

आपल्याकडे नुकसानभरपाईच्या कायद्यात कोष्टक आहे: अमुक अवयव गेला, तमुक टक्के. 1975 मध्ये एका सुताराचं प्रकरण आपल्या सुप्रीम कोर्टापुढे आलं. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेला. मालकाचं म्हणणं, अपंगत्व अंशतः आहे. कोर्टाने पाहिलं ते सुताराचं काम. एका हाताने सुतारकी होत नाही, म्हणून अपंगत्व पूर्ण धरलं. तिथे कोश लागला नाही, कारण रंधा दोन हातांनी धरतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण गोदामात स्कॅनर घेऊन दिवसभर फिरणाऱ्या मुलाच्या कामाबद्दल आपल्याला असं काय माहीत आहे? ते त्याच्याकडून, त्याच्या मुकादमाकडून, वजनाचा काटा घेऊन विचारावं लागेल.