कळंबोलीचा २५२३ आणि मोंबासाचा एफजे

कळंबोलीच्या पोलाद बाजारात सकाळचे साडेसहा वाजले आहेत. रात्री उशिरा आलेल्या गाड्या अजून ताडपत्री अंगावर ओढून उभ्या आहेत आणि चहाच्या टपरीपाशी चालकांची पहिली गर्दी जमू लागली आहे.

या चित्रफितीत पडद्याच्या डाव्या बाजूला दिसणारा दहा टायरचा ट्रक म्हणजे भारतबेंझ २५२३. उजव्या बाजूचे चित्रण मोबाइलवर केलेले असून ते केनियातील मोंबासा शहरातून आले आहे. त्यातील ट्रकच्या दर्शनी जाळीवर फुसो हे जपानी ट्रकचे नाव आहे आणि दारावर एफजे ही अक्षरे आहेत. आता नावे क्षणभर बाजूला ठेवून केबिनचा उतार, काचेची खालची कड, पायरीची उंची आणि आरसे धरणारे लोखंडी हात पाहावेत. भारताप्रमाणेच केनियातही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे स्टिअरिंगसुद्धा एकाच बाजूला आहे. चेन्नईजवळच्या ओरगडम येथील ज्या कारखान्यात भारतबेंझ तयार होते, त्याच कारखान्यात निर्यातीसाठीची ही फुसोही तयार होते. जर्मनीच्या डाइमलर समूहाने या कारखान्याचे उद्घाटन २०१२ साली केले आणि पुढच्याच वर्षी येथून फुसोची निर्यात सुरू झाली. देशात विकायची ती भारतबेंझ आणि आफ्रिका व आशियातील इतर देशांत जायची ती फुसो, अशी ही विभागणी आहे. म्हणूनच या दोन बहिणी कळंबोलीत शेजारी उभ्या करून दाखवता येत नाहीत.

या यार्डातील मिस्त्री गेली बावीस वर्षे जड वाहनांचे काम करीत आहेत. त्यांनी गाडीच्या पोटाखाली गोणपाट अंथरले आहे आणि स्प्रिंगच्या पाट्यांवरचा चिखल ते पटाशीने खरवडून काढत आहेत. या केबिनचे मूळ मर्सिडीज-बेंझच्या ॲक्सॉर या ट्रकमध्ये आहे आणि तिच्याखालचे ६.४ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन ओएम ९०६ या जर्मन कुळातले आहे. मिस्त्रींना ही वंशावळ पाठ नाही, पण कोणता नट कोणत्या पान्याने सुटतो हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. मोंबासात ज्याच्या हातात मोबाइल आहे, तो महाडचा तरुण फिटर याच गोणपाटावर काम शिकला. तिथे गेल्यावर पहिली फुसो समोर आली, तेव्हा आपल्याला नवे काही शिकावे लागले नाही, असे तो सांगतो. ट्रकची तुलना करताना अश्वशक्ती आणि किंमत यांचे तक्ते मांडले जातात, पण आम्हाला हा दाखला त्या तक्त्यांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

यार्डमालकांच्या कचेरीत भिंतीवर एक जुने छायाचित्र आहे. त्यांचे आजोबा लांब नाकाच्या ट्रकच्या चिखलपट्टीवर हात ठेवून उभे आहेत. ट्रक टाटांचा आहे, पण जाळीवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा आहे. १९५४ साली टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि जर्मनीची डाइमलर-बेंझ यांच्यात पंधरा वर्षांचा करार झाला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक तयार होऊ लागले. १९६९ मध्ये करार संपला. तारा उतरला, त्याच्या जागी वर्तुळातला ‘टी’ आला आणि गाडी त्याच वळणाची राहिली. त्या पिढीतील अनेक मालक नंतरही कित्येक वर्षे तिला ‘बेंझ’ म्हणत राहिले. एकाच लोखंडावर दोन बिल्ले ही गोष्ट आपल्याकडे अशी जुनी आहे. फुसो हे नाव तर त्याहूनही जुने. जपानचा काव्यात्म उल्लेख असलेला हा शब्द १९३२ साली मित्सुबिशीने बांधलेल्या बी४६ या बसला दिला गेला आणि या शतकाच्या पहिल्या दशकात ती कंपनी डाइमलरच्या घरात आली.

मग या दोन गाड्यांत फरक कुठे आहे? एक फरक दारावरच्या खुणेत आहे: तिकडे एफजे ही अक्षरे, इकडे २५२३ हा आकडा. २५२३ मधील पहिले दोन अंक मालासह एकूण वजनाचे, म्हणजे २५ टनांचे, आणि पुढचे दोन अंक सुमारे २३० अश्वशक्तीचे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने तीन आसांच्या गाडीची वजनमर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर नेली. पलीकडे उभ्या असलेल्या नव्या गाडीवर २८२३ लिहिलेले दिसते, ते त्यामुळेच.

दुसरा फरक पाहण्यासाठी कॅमेरा त्याच नव्या गाडीच्या बाजूला, जमिनीलगत न्यावा लागला. एप्रिल २०२० पासून भारतात धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि डिझेलमधील गंधक दशलक्षात १० भागांवर आले. तेव्हापासून सायलेन्सरच्या जागी ही पेटी आली, काजळी अडवणारी गाळणी आली आणि ज्याला चालक सरसकट ‘युरिया’ म्हणतात त्या द्रावणाची निळ्या झाकणाची टाकी आली. पूर्व आफ्रिकेत २०१५ मध्ये डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्षात ५० भाग ठरली. गंधकामुळे अशी यंत्रणा लवकर निकामी होते, म्हणून तिथल्या इंधनासाठी जुन्या निकषांची, साध्या धुराड्याची गाडी जाते. उजवीकडच्या चित्रात चासीच्या बाजूला नुसता नळकांडे-सायलेन्सर दिसतो. दोन गाड्यांमधील हा भेद कारखान्याने आपल्या मर्जीने केलेला नाही; ज्या देशाचे इंधन आणि जिथला कायदा, तशी गाडी बांधली जाते.

भारतात २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालगाड्यांची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले आहे. त्याच वर्षी जूनमध्ये फुसो आणि टोयोटा समूहातील हिनो या ट्रक कंपन्यांना एका नव्या कंपनीखाली आणण्याचा अंतिम करार डाइमलर ट्रक आणि टोयोटा यांनी केला.

दुपारी मोंबासाहून फोन येतो. तिकडच्या गाडीचे इंजिन चालू आहे. फिटर फोन इंजिनाजवळ धरतो आणि इकडे मिस्त्री पाना खाली ठेवून, दुसऱ्या कानावर हात दाबून ऐकत राहतात. यार्डात कोणीतरी पत्रा आपटतो, तेव्हा ते हातानेच त्याला थांबवतात.

“मामा, काय वाटतंय?”

“टॅपेट वाजतंय रे. गाडी गार होऊ दे, मग क्लिअरन्स बघ.”